वेताळ : इंद्रजाल कॉमिक्सचा अमर नायक

टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च 1964 मध्ये मुंबईहून सुरू केलेली आणि 1990 पर्यंत चाललेली इंद्रजाल कॉमिक्स ही मालिका मराठीतही निघत असे, आणि तिच्या पहिल्याच अंकापासून मराठी वाचकाला भेटलेला वेताळ हा मुळात ली फॉक यांनी 1936 साली अमेरिकी वृत्तपत्रांतील चित्रपट्टीसाठी, म्हणजे रोज तीन-चार चौकटींत पुढे सरकणाऱ्या चित्रकथेसाठी, निर्माण केलेला 'फँटम' होय. त्याला उडता येत नाही की त्याच्या अंगी कोणतीही दैवी शक्ती नाही; बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो, म्हणून जंगलातील लोक त्याला अमर मानतात, आणि कथांमधला वेताळ हा या वंशातला एकविसावा पुरुष असतो. उजव्या हातातील अंगठीचा ठोसा गुंडाच्या जबड्यावर कवटीची कायमची खूण उमटवतो, तर डाव्या हातातील अंगठीचे चिन्ह ज्याला मिळते त्याला त्याचे अभय लाभते. एवढी साधी आणि एवढी परिणामकारक कल्पना पुढच्या अनेक चकचकीत महानायकांना सुचलेली नाही. याच मालिकेत 1976 साली आबिद सुरती यांचा 'बहादूर' हा अस्सल भारतीय नायक आला, ज्याची चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांनी काढली.

कुणाच्या माळ्यावर इंद्रजालचे हे अंक पडून असतील, तर ते रद्दीत घालण्यापूर्वी गावच्या वाचनालयात जरूर विचारावे.