तळ्यात निजवलेलं पोर

माझी आजी दर्यापूर तालुक्यातली, म्हणजे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही अशा गावात तिचा जन्म गेला. श्रावणात शिळासप्तमीला चूल थंड असायची. आदल्या दिवशीचं जेवण झालं की ती कहाणी सांगायला बसायची.

राजानं गाव वसवलं, तळं खोदलं, पण पाणी लागेना. जलदेवता म्हणाली, सुनेचा थोरला मुलगा दे. राजानं सुनेला माहेरी पाठवलं. नातवाला न्हाऊमाखू घातलं, दागिने घातले, पलंगावर निजवलं आणि तो पलंग तळ्यात नेऊन ठेवला. तळं भरलं. पुढे सून परत आली, तिनं तळ्यात वाण दिलं, देवीची करुणा भाकली आणि पाण्यातून पोरानं तिचा पाय धरला.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. विचारलं, "आजी, त्या पोट्ट्याले कोणी इचारलं होतं काय?"

"इचारलं असतं तं तळं भरलं असतं काय, माय?" एवढं बोलून ती पान लावायला उठली.

आता मी अकोल्यात अकरावी-बारावीला मराठी शिकवते. दोन वर्षांपूर्वी मुलांना सांगितलं, लहानपणी ऐकलेली एक गोष्ट आज तुम्हाला जशी दिसते तशी लिहा. मूर्तिजापूरकडच्या एका मुलीनं हीच कहाणी घेतली. तिच्या गोष्टीतला मुलगा झोपलेला नाही. पलंगाखाली गार पाणी चढतंय हे त्याला कळतं. काठावर गाव आनंदानं ओरडतं, ते त्याला ऐकू येतं. शेवटी आईचा पाय पाण्यात उतरतो आणि तो पाय धरत नाही. आईला ठाऊक होतं की नव्हतं, हेच त्याला ठरवता येत नाही.

मी ती वही घरी आणली आणि रात्री पुन्हा वाचली.

एका सहकाऱ्यांना ते आवडलं नाही. मुलांच्या डोक्यात असलं काळं कशाला भरायचं, असं त्यांचं म्हणणं. पण काळं तिनं बाहेरून आणलं नव्हतं. ते कहाणीत होतंच, पुरणासारखं आत भरलेलं. ते झाकायची सवय आपली, मोठ्यांची.

किशोरवयीन वाचकांसाठी परीकथा अशा अंधाऱ्या अंगानं पुन्हा सांगणं हा इंग्रजी पुस्तकांच्या दुनियेत आज एक मोठा प्रवाह आहे. अँजेला कार्टर यांनी १९७९ साली 'द ब्लडी चेंबर'मध्ये जुन्या परीकथा मोठ्यांसाठी नव्यानं लिहिल्या, त्याचा ठसा पुढच्या अनेकांवर आहे. मुळात त्या कथा गोड कधी नव्हत्याच. फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ च्या पुस्तकात लाल टोपीवाल्या मुलीला लांडगा खातो आणि गोष्ट तिथेच संपते. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. १८१९ मध्ये त्यांनी तिची सावत्र आई केली. शेवटी त्या राणीला तापलेल्या लोखंडी जोड्यांत मरेपर्यंत नाचवतात, ते मात्र तसंच ठेवलं. क्रौर्य चालत होतं. आईवर संशय नको होता. माझ्या विद्यार्थिनीनं नेमका तोच संशय पुन्हा जागा केला, ग्रिमची ही हकिगत तिला माहीतही नसताना.

आपल्याकडेही अशा काळ्या गोष्टींचं बीज फार जुनं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. त्यात शेणाच्या घरातला कावळा आणि मेणाच्या घरातली साळई भेटतात. आज बालवाडीत त्या साळईची चिमणी झाली आहे; ती बाळाला तीट लावते आणि मुलं हसतात. माझ्या आजीचा कावळा शेवटी तापल्या तव्यावर भाजायचा, आणि चिमणीनंच त्याला तिथं बसवलेलं असायचं. दारात भिजत उभ्या असलेल्याला ही असं का वागवते, हा प्रश्न आम्हाला तेव्हाही पडायचा.

कन्नडमध्ये 'केरेगे हार' नावाचं लोककाव्य आहे. तिथेही तळं आहे, पाणी नाही आणि बळी जाते ती धाकटी सून, भागीरथी. ती परत येत नाही. नवरा तिच्यामागे त्याच तळ्यात उडी घेतो. आमच्या कहाणीनं पोर परत दिलं, कारण ती व्रताची कहाणी आहे. व्रत करणाऱ्या बाईच्या पदरात काहीतरी पडायलाच हवं. मला त्या शेवटाचा राग नाही. पोरं गमावलेल्या किती बायकांनी तो ऐकून श्रावण काढला असेल. पण सोळा वर्षांच्या मुलीला व्रताचं फळ नको असतं. तिला त्या पोराजवळ बसायचं असतं.

मराठीत या वयासाठी अशी पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच मिळतात. मुलं सिनेमाकडे वळतात. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' २०१८ मध्ये आला, २०२४ मध्ये पुन्हा लागला, आणि आमच्या वर्गात हस्तरचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं. आजीच्या तोंडच्या भीतीतूनच घडल्यासारखा तो देव, धान्याला हपापलेला.

यंदा मी तोच गृहपाठ पुन्हा दिला. दर्यापूरकडच्या एका मुलानं दीड पानाची गोष्ट लिहिली. त्यात जलदेवता नाही, सूनही नाही. राजा नातवाला तळ्यात ठेवतो, रात्रीतून तळं तुडुंब भरतं, सकाळी साऱ्या गावच्या बाया घागरी घेऊन उतरतात. पहिली बाई ओंजळ तोंडाला लावते.

पाणी खारं निघतं.