गहाण, खंडणी आणि तारण

पुणे मागे टाकून नगर रस्त्याने वाघोलीत शिरले, की दुतर्फा पाट्यांवर एक शब्द पुन्हा पुन्हा दिसतो. सोने तारण कर्ज. मालमत्ता तारण कर्ज. बँका, पतसंस्था, सराफ, सगळ्यांनाच तो लागतो. शेती आणि दगडखाणींचे हे गाव बघता बघता इमारतींचे झाले, २०२१ साली पुणे महापालिकेत आले, आणि जमीन, घर, हप्ता हे इथल्या चहाच्या टपरीवरचे विषय झाले. ‘तारण काय देणार?’ या प्रश्नाचा अर्थ इथे कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

रविवारी सकाळी मराठी ख्रिस्ती उपासनेत हाच शब्द ऐकू येतो. येशूने आपले तारण केले, असे तिथे लोक म्हणतात, त्यावर गीते गातात. तिथे सोने नसते, कर्ज नसते. शेजारच्या घरातून ते ऐकणाऱ्या बिगरख्रिस्ती माणसाला वाटते, की हा शब्द वेगळाच असावा, योगायोगाने सारखा दिसणारा. तसे नाही. दोन्ही तारणे एकाच घरातली आहेत, आणि मराठी बायबल उघडायला याच्याइतकी सोपी किल्ली दुसरी नाही.

तरणे, तारणे, तारू, तारक ही सगळी एका कुळातली मंडळी. पाण्यातून पैलतीराला नेणे हा त्यांचा मूळ अर्थ. कर्ज बुडालेच तर सावकाराला जे तारते ते तारण, असा व्यवहारातला अर्थ समजून घेता येतो. बायबलमध्ये माणूस बुडत असतो आणि देव त्याला काढतो. मराठी माणसाला ही कल्पना संतांच्या भवसागरामुळे आधीच ओळखीची आहे. फरक एवढाच, की संतांचा भवसागर रूपकातला आहे आणि इस्राएल लोकांच्या आठवणीतला समुद्र खरोखर खाऱ्या पाण्याचा आहे. मिसर देशाच्या गुलामीतून पळालेले लोक, मागे राजाचे रथ, पुढे समुद्र, आणि मधून निघालेली वाट. जुन्या करारात तारण म्हणजे काय हे सांगायचे झाले की हीच गोष्ट सांगितली जाते. येशू हे नावही तारणासाठीच्या हिब्रू शब्दकुळातलेच. परमेश्वर तारतो, असा त्याचा अर्थ.

तारण म्हणजे मोक्ष का, हा प्रश्न इथे हमखास येतो. दोन्ही शब्दांत सुटका आहे, पण कशातून सुटका याचे उत्तर वेगळे आहे. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणे. बायबलमधले तारण म्हणजे पापातून आणि त्याने आलेल्या दुराव्यातून सुटून देवाशी नाते पुन्हा जुळणे. त्यात देह टाकून द्यायचा नसतो. म्हणून ख्रिस्ती श्रद्धेत आत्म्याच्या अमरत्वापेक्षा पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्यांतून देहासह उठणे, हा शब्द जास्त मोलाचा आहे.

आता पाट्यांवरून थोडे सराफाच्या पेढीवर जाऊ. गहाण ठेवलेले दागिने आपण ‘सोडवतो’. गहाण पडलेली जमीनही सोडवतो. बायबलमधला सोडवणूक किंवा उद्धार हा शब्द याच व्यवहारातून वर आलेला आहे, आणि तो मराठी भाषांतरकारांनी तिथे नेऊन चिकटवलेला नाही. हिब्रूतच तो तसा आहे. प्राचीन इस्राएलात एखाद्याला दारिद्र्यामुळे जमीन विकावी लागली, तर जवळच्या नातलगाने पैसे भरून ती परत मिळवून द्यावी असा दंडक होता. अशा नातलगाला गोएल म्हणत. रूथ नावाच्या छोट्या पुस्तकातला बवाज हा असाच सोडवणारा. हा दंडक ज्या नियमशास्त्रात आहे, त्यातच योबेल वर्ष सांगितले आहे. पन्नासाव्या वर्षी विकलेल्या जमिनी मूळ घराण्याकडे परत जाव्यात आणि दास मोकळे व्हावेत. सातबाऱ्यावरचे नाव एकदा गेले की गेलेच, हे बघितलेल्या वाघोलीच्या शेतकऱ्याला या कल्पनेचे वजन कुणा पंडितापेक्षा लवकर कळेल. पुढे इस्राएलच्या कवींनी आणि संदेष्ट्यांनी देवालाच गोएल म्हटले. आपला हरवलेला वाटा परत मिळवून देणारा जवळचा नातलग, असा तो शब्द आहे. ‘उद्धारकर्ता’ या भारदस्त शब्दात ही जवळीक थोडी हरवते, हे मान्य केले पाहिजे.

पापाचेही तसेच. येशूच्या बोलीत, म्हणजे अरामी भाषेत, कर्ज आणि पाप यांना एकच शब्द होता. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत म्हणूनच ऋण सोडण्याची भाषा आहे, आणि मराठी ख्रिस्ती घरांत पिढ्यान्पिढ्या ती प्रार्थना ऋण या शब्दानेच म्हटली गेली. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमधला पापासाठीचा नेहमीचा शब्द मात्र ‘नेम चुकणे’ या अर्थाचा आहे. मराठीत पाप म्हटले की पुण्य हा जोडशब्द आपोआप जिभेवर येतो आणि जमाखर्चाची वही डोळ्यांपुढे उभी राहते. बायबलमध्ये ही वही पुण्याने भरून निघत नाही. कर्ज फेडले जात नाही, ते माफ होते. या माफीला कृपा म्हणतात. रिक्षांच्या पाठीवर आणि घरांच्या दारांवर कुलदैवताच्या नावाने लिहिलेली ‘कृपा’ ज्याने पाहिली आहे, त्याला हा शब्द परका नाही. बायबलचा भर एकाच गोष्टीवर आहे, की कृपा कमावता येत नाही.

मग कर्ज फुकटच सुटले का? इथे मराठी बायबलमधला सर्वांत धक्कादायक शब्द येतो. खंडणी. आपला जीव पुष्कळांसाठी खंडणी म्हणून देण्याकरता आपण आलो, असे येशू म्हणतो, ते मार्काच्या दहाव्या अध्यायात आहे. आजच्या वाचकाला खंडणी म्हटले की गुन्हेगारी पानावरची बातमी आठवते, पिस्तूल दाखवून उकळलेला पैसा. येशू कुणाला घाबरून खंडणी देतोय, असा प्रश्न नव्याने वाचणाऱ्याला पडला तर त्याची चूक नाही. पण हा अर्थ नवा आहे. वाघोलीत पिलाजी जाधवरावांची समाधी आहे. पेशवाईतल्या या सरदाराच्या काळात खंडणी हा राजकारणातला रीतसर शब्द होता. हरलेल्याने जेत्याला ठरवून द्यायची रक्कम, जिच्या मोबदल्यात मुलूख लुटीतून वाचे. मूळ ग्रीक शब्द आहे लुत्रोन. गुलाम किंवा युद्धकैदी सोडवण्यासाठी मोजलेली किंमत. भाषांतरकारांच्या कानात खंडणीचा जुना अर्थ होता आणि तो मूळ अर्थाच्या बराच जवळचा होता. शब्द घसरला तो नंतर, आमच्या बाजारात. तरीही तो बदलू नये असे वाटते. ‘मुक्तिमूल्य’ लिहिले तर कुणी अडखळणार नाही, आणि अडखळले नाही तर विचारणारही नाही.

अशा शब्दांची निवड कुणी केली, हा इतिहासही आपल्या मातीतलाच आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातल्या रायतूर इथे छापले गेले. ओवी हा त्याचा छंद, आणि स्वर्गासाठी वैकुंठ म्हणायला त्यांना संकोच वाटला नाही. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या मदतीने मराठीचा अभ्यास केला आणि १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत आणले. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनने पुढे हे काम हाती घेतले, आणि १८४७ पर्यंत संपूर्ण बायबल मराठीत आले. वाघोलीवरून जाणारा रस्ता ज्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला पोचतो, तिथे १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे मिशनचे नियतकालिक सुरू झाले. ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिणारे बाबा पदमनजी स्वतः कोशकार होते. शब्दांची ही सगळी घासाघीस जाणत्या हातांनी झाली.

या भाषांतरकारांच्या टाकसाळीतला सर्वांत सुंदर शब्द वल्हांडण. वलांडणे, ओलांडणे यातून आलेला. मिसरमधल्या शेवटच्या रात्री ज्या घरांच्या दाराला कोकऱ्याचे रक्त लावले होते ती घरे मृत्यू ओलांडून पुढे गेला, अशी कथा. त्या रात्रीच्या स्मरणाचा यहूदी सण म्हणजे पेसाख, मराठीत वल्हांडण. येशूचे शेवटचे भोजन याच सणाच्या दिवसांतले. म्हणून ख्रिस्ती लोक त्याला देवाचा कोकरा म्हणतात. हा दुवा कळला नाही तर प्रभुभोजनातली भाकर आणि द्राक्षारस ही नुसती रीत वाटते. उंबरठ्याशी थबकून पुढे जाणारे पाऊल एका शब्दात पकडणारा तो अनामिक भाषांतरकार मोठा होता.

काही शब्द मात्र तसेच ठेवावे लागले, आणि त्यामागे भांडणेही होती. बाप्तिस्मा हा ग्रीक शब्द बुडवणे या अर्थाचा. बुडवायचे की पाणी शिंपडायचे यावर पंथांत मतभेद. बंगालमधल्या बॅप्टिस्टांना बंगालीत बुडवण्याचा अर्थ स्पष्ट लिहायचा होता, आणि त्यावरून १८३० च्या दशकात ब्रिटिश बायबल सोसायटीशी त्यांचे बिनसले. मूळ शब्द तसाच ठेवला की कुणाच्याच बाजूने निकाल लागत नाही. मराठी प्रॉटेस्टंटांनी बाप्तिस्माच ठेवला. मजेची गोष्ट अशी, की वाघोली नावाचे आणखी एक गाव वसईत आहे, आणि त्या कॅथॉलिक पट्ट्यात याच विधीला स्नानसंस्कार म्हणतात. तिकडचा क्रूस पोर्तुगीजांकडून आला, इकडच्या पवित्र शास्त्रात वधस्तंभ आहे. वधस्तंभात दागिना होण्याची सोय नाही. रोमन साम्राज्यात गुलामांना आणि बंडखोरांना ठार मारायचे हे साधन होते, हे तो शब्द विसरू देत नाही. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो, २०२० मध्ये उस्मानाबादला झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिले. ज्या मासिकाचे ते अनेक वर्षे संपादक होते, त्याचे नाव ‘सुवार्ता’. चांगली बातमी. शुभवर्तमान या लांबलचक शब्दाचाही अर्थ तोच आहे.

करार हा शब्द तर अरबीतून कचेरीत आणि कचेरीतून बायबलवर आला. जुना करार, नवा करार हे ऐकून कुणाला स्टँप पेपर आठवला तर हरकत नाही, कारण देव आणि माणूस यांच्यातली वचने, अटी आणि साक्षी यांचीच ती गोष्ट आहे. ख्रिस्त हे येशूचे आडनाव नव्हे. हिब्रू मशीहा, ग्रीक ख्रिस्तोस, म्हणजे तेलाने अभिषेक केलेला, राजा. मंडळी म्हणजे बोलावून एकत्र आलेली माणसे, चर्चची इमारत नव्हे. संदेष्टा भविष्य सांगणारा नसतो, देवाचा निरोप बेधडक सांगणारा असतो. आत्म्यासाठी हिब्रूत रूआख आहे, आणि त्याचा अर्थ वारा आणि श्वासही होतो. मराठी आत्मा शब्दाला उपनिषदांची एवढी मोठी परंपरा आहे, की पवित्र आत्म्यातला तो वारा वाचकाला स्वतःहून आठवून घ्यावा लागतो. शब्बाथाचा अर्थ विचारायला तर कोकणापलीकडे जायलाच नको. तेलाचे घाणे चालवणाऱ्या तिथल्या बेने इस्राएल यहूद्यांनी शनिवारी घाणा बंद ठेवला, आणि गावाने त्यांना शनिवार तेली असे नाव दिले. विसाव्याचा दिवस पाळणे म्हणजे काय, हे त्या नावात सगळे आले.

या सगळ्या शब्दांशी सर्वांत एकाकी झुंज दिली ती पंडिता रमाबाईंनी, वाघोलीहून फार लांब नसलेल्या केडगावात. संस्कृत ज्यांना मुखोद्गत होते त्या या बाईंना आपल्या ‘मुक्ती’ आश्रमातल्या अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशी साधी मराठी हवी होती. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल त्यांनी पुन्हा भाषांतरित केले. काम संपता संपता, ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये निघाला, मुक्तीच्या छापखान्यात, तिथल्या स्त्रियांच्या हातून.

मुक्ती हे नाव रमाबाईंनी यशयाच्या साठाव्या अध्यायावरून ठेवले. नगराच्या तटाला तारण म्हणतील, असे तिथे संदेष्टा सांगतो. हिब्रूत त्या जागी येशूआ आहे, येशूच्या नावातलाच शब्द. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० मध्ये गुजरातेतून रमाबाईंनी ज्या मुली आणि विधवा केडगावला आणल्या, त्यांच्यासाठी तो तट दगडाचा होता, आत विहीर होती, धान्य होते, आणि रात्री दार लावून घेता येत होते.