घरगुती सागरी मत्स्यालयातील उपद्रवी शैवाल : कारणे आणि नियंत्रण

बीजशब्द : सागरी मत्स्यालय, शैवाल, नायट्रेट, फॉस्फेट, शैवालभक्षी जीव

प्रस्तावना :
घरातील खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय म्हणजे काचेच्या पेटीत उभे केलेले समुद्राचे अपुरे रूप होय. पेटी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत खडकांवर तपकिरी थर येतो आणि पुढे हिरवे, केसांसारखे शैवाल वाढते. ते खरवडले वा औषधाने मारले तरी थोड्याच दिवसांत पुन्हा उगवते. अनेक जण या टप्प्यावर कंटाळून छंद सोडतात. त्याची किंमत मात्र पेटीतील जीवांना मोजावी लागते. कारण सागरी मत्स्यालयातील बहुसंख्य जातींचे मासे प्रवाळभित्तींवरून पकडून आणलेले असतात. शैवाल हा मूळ रोग नसून पाण्यातील पोषक द्रव्यांच्या बिघडलेल्या जमाखर्चाचे ते लक्षण आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

उपद्रवी थरांची ओळख :
उपाय ठरविण्यापूर्वी थराची ओळख पटणे आवश्यक असते.
१) तपकिरी, भुकटीसारखा थर : हे डायटम होत. नव्या पेटीत पाण्यातील सिलिकेटवर ते वाढतात आणि बहुधा आपोआप ओसरतात.
२) हिरवे केसाळ शैवाल : डर्बेसिया, ब्रायोप्सिस इत्यादी. नायट्रेट व फॉस्फेट मुबलक असल्यास यांची वाढ झपाट्याने होते.
३) हिरव्या बुडबुड्यांसारखे शैवाल : व्हॅलोनिया. यातील प्रत्येक बुडबुडा ही एकच मोठी पेशी असते. तो न फोडता अखंड काढणे श्रेयस्कर.
४) लालसर-जांभळा, बुळबुळीत थर : हे शैवाल नसून सायनोबॅक्टेरिया म्हणजे जीवाणू होत. त्यांपैकी काही जाती विरघळलेला वायुरूप नायट्रोजन वापरू शकतात. म्हणून केवळ नायट्रेट घटविल्याने त्यांचा बंदोबस्त होत नाही.
५) हवेचे बुडबुडे धरून ठेवणारा तपकिरी, चिकट थर : डायनोफ्लॅजेलेट. पोषक द्रव्ये शून्यावर आणलेल्या पेट्यांत हा उपद्रव अनेकदा उद्भवतो.

पोषक द्रव्यांचा जमाखर्च :
समजा, २०० लिटरच्या पेटीत १ ग्रॅम कोरडे खाद्य टाकले. खाद्यात ४५ टक्के प्रथिने व १ टक्का फॉस्फरस आहे असे धरू. प्रथिनात सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो. हा सर्व नायट्रोजन अखेरीस नायट्रेटमध्ये रूपांतरित झाल्यास सुमारे ३२० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरमागे १.६ मिलिग्रॅम नायट्रेट तयार होईल. फॉस्फरसपासून सुमारे ३० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅम फॉस्फेट मिळेल. प्रवाळांच्या पेटीत फॉस्फेट साधारणतः ०.१ मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो, हे लक्षात घेता चिमूटभर खाद्याचा भार किती, हे कळून येते. आठवड्याला १० टक्के पाणी बदलले, तर पाण्यात विरघळलेल्या साठ्याचा केवळ दहावा भाग बाहेर जातो.

येथे एक फसगत संभवते. शैवाल दाट वाढलेले असताना तपासणी संचात नायट्रेट-फॉस्फेट जवळजवळ शून्य दिसू शकते. पोषक द्रव्ये नाहीत असा त्याचा अर्थ नसून ती शैवालाच्या शरीरात साठली आहेत, असा असतो.

नियंत्रणाचे उपाय :
१) आवक कमी करणे : मासे थोड्या वेळात संपवतील इतकेच खाद्य द्यावे. गोठविलेले खाद्य वितळवून त्याचे पाणी गाळून टाकावे. नळाच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट व सिलिकेट असू शकते. म्हणून आरओ व त्यापुढील डीआय गाळणीतून आलेले पाणी वापरावे.
२) जावक वाढविणे : शैवाल हाताने उपटावे आणि नळीने ओढून पेटीबाहेर काढावे. नुसते खरवडून आतच सोडल्यास ते कुजते व पोषक द्रव्ये पुन्हा पाण्यात मिसळतात. प्रोटीन स्किमर सेंद्रिय द्रव्ये फेसाबरोबर बाहेर काढतो, तर लोहयुक्त दाणे फॉस्फेट शोषून घेतात. वेगळ्या कप्प्यात कीटोमॉर्फा वाढवून ते वेळोवेळी काढून टाकणे हाही परिणामकारक मार्ग होय.
३) प्रकाश मर्यादित ठेवणे : दिव्याची वेळ निश्चित असावी व पेटीवर थेट ऊन पडू नये. मात्र केवळ अंधार केल्याने साठलेली पोषक द्रव्ये नाहीशी होत नाहीत.
४) शैवालभक्षी जीव : टर्बो व ट्रोकस गोगलगायी, समुद्री अर्चिन आणि मोठ्या पेटीत सर्जनफिश उपयुक्त ठरतात. या जीवांचे महत्त्व निसर्गानेच दाखवून दिले आहे. कॅरिबियन समुद्रात १९८३-८४ मध्ये रोगामुळे डायडेमा जातीचे ९० टक्क्यांहून अधिक अर्चिन मेले. जमैकात अतिमासेमारीमुळे शैवालभक्षी मासे आधीच घटले होते. तेथील प्रवाळभित्तींवरील शैवालाचे आच्छादन सुमारे ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेल्याचे टेरेन्स ह्यूज यांनी १९९४ मध्ये नोंदविले. तथापि पेटीत हे जीव शैवाल खाऊन विष्ठा तेथेच टाकतात. ते जावक वाढविण्यास पूरक आहेत, पर्याय नव्हेत.

औषधांच्या मर्यादा :
शैवालनाशकाने सर्व शैवाल एकाच वेळी मेल्यास ते कुजताना प्राणवायू खर्ची पडतो आणि मासे गुदमरतात. सायनोबॅक्टेरियावर वापरले जाणारे एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक पेटीतील उपयुक्त जीवाणूंनाही अपाय करू शकते. शिवाय मेलेल्या शैवालातील पोषक द्रव्ये पाण्यातच राहतात.

शैवालाची विल्हेवाट :
काढलेले शैवाल समुद्रात, खाडीत वा गटारात टाकू नये. मत्स्यालयांत वाढविले जाणारे कॉलर्पा टॅक्सिफोलिया १९८४ मध्ये मोनॅको येथील सागरी संग्रहालयाजवळ भूमध्य समुद्रात आढळले व पुढे दूरवर पसरले. २००० मध्ये ते कॅलिफोर्नियातही सापडले. तेथून त्याचे उच्चाटन झाल्याचे २००६ मध्ये जाहीर झाले. मुंबई-कोकणच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्या छंदिष्टांनी हे ध्यानी ठेवून शैवाल पूर्ण वाळवून कचऱ्यात टाकावे.

निष्कर्ष :
शैवालविरहित पेटी हे ध्येय नव्हे; समुद्रातही शैवाल असतेच. पोषक द्रव्ये शून्यावर नेणेही हितावह नाही. जेवढे पेटीत जाते तेवढे नियमित बाहेर काढणे, हेच नियंत्रणाचे सार आहे. म्हणून कोणताही उपाय योजण्यापूर्वी पोषक द्रव्ये त्यामुळे पेटीबाहेर जातात की आतल्या आत केवळ जागा बदलतात, हे तपासावे. जो उपाय या कसोटीला उतरत नाही, त्याने शैवाल काही काळ दिसेनासे होते, इतकेच.