हत्तीच्या मेंदूचा हिशेब

आफ्रिकन हत्तीचा मेंदू साडेचार किलोहून जास्त भरतो, माणसाचा जेमतेम दीड किलो. मग हत्तीची बुद्धी आपल्या तिप्पट का नाही? ब्राझीलच्या मेंदूशास्त्रज्ञ सुझाना हर्क्युलानो-हौझेल यांनी वजन बाजूला ठेवून थेट पेशी मोजल्या. मेंदूचे तुकडे रसायनात घोटून त्यांचं एकजीव सूप करायचं, त्यात तरंगणारी पेशीकेंद्रकं रंगवायची आणि नमुन्यातली केंद्रकं सूक्ष्मदर्शकाखाली मोजून एकूण आकडा काढायचा, ही त्यांची पद्धत.

2014 साली हत्तीचा आकडा आला : 257 अब्ज चेतापेशी. माणसाच्या 86 अब्ज. पण हत्तीच्या 97.5 टक्के चेतापेशी डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूत निघाल्या. विचार आणि नियोजन ज्याच्या बळावर चालतं, त्या बाह्यकात फक्त 5.6 अब्ज. माणसाचं बाह्यक वजनाने हत्तीच्या बाह्यकाच्या निम्म्याहून कमी, तरी त्यात 16 अब्ज चेतापेशी दाटीने बसलेल्या आहेत.

लहान मेंदू हालचालींचा ताळमेळ राखतो. हाड नसलेली, हजारो स्नायूंच्या जुडग्यांची सोंड फांदी मोडते आणि जमिनीवरचा शेंगदाणाही अलगद उचलते. लहान मेंदूतली ही गर्दी सोंडेसाठी असावी, असा संशोधकांचा कयास आहे. उत्क्रांतीने ज्याला जे काम नेमून दिलं, त्याच्या मेंदूत तिथेच भर घातली.

बाह्यकातल्या 5.6 अब्जांची करामतही थक्क करणारी आहे. केनियातल्या अंबोसेली इथे हत्तींना माणसांचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले गेले. वाक्य एकच : ‘ते बघा, हत्तींचा कळप येतोय.’ मसाई पुरुषाच्या आवाजात ते ऐकताच हत्ती एकमेकांना बिलगले, सोंड उंचावून वास घेऊ लागले. मसाई पुरुष कधीकधी हत्तींवर भाले चालवतात. शेती करणाऱ्या कांबा पुरुषांच्या, किंवा मसाई बायका-मुलांच्या आवाजाने ते तितके बिथरले नाहीत.

ही पारख कळपातल्या थोरल्या माद्यांकडून पुढे जाते. दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्गमध्ये, कत्तलीतून वाचलेली पोरकी पिल्लं आणून सोडली होती. ती मोठी झाली, पण ओळखीच्या आणि परक्या हत्तींच्या हाकांमधला फरक त्यांच्या कळपांना नीट उमगेना. उत्क्रांतीने दिली ती शिकण्याची ताकद. शिकवणारं कोणीतरी हयात असावं लागतं. मोठ्या सुळ्यांसाठी शिकारी नेमके वयस्क हत्ती हेरतात, म्हणून त्यांच्या एका गोळीने सगळ्या कळपाचं नुकसान होतं. हत्तींच्या संवर्धनात डोकी मोजून भागणार नाही, थोरल्या माद्या जगवाव्या लागतील.