विषमज्वराच्या जंतूची वंशावळ

जुन्या पिढीतील माणसे विषमज्वराला 'मुदतीचा ताप' म्हणत. तीन आठवड्यांची मुदत सरेपर्यंत पथ्य, शुश्रूषा आणि देवाची आळवणी यांपलीकडे फारसे काही हाती नव्हते. 1948 साली क्लोरॅम्फेनिकॉल या रोगावर गुणकारी ठरले आणि मुदतीची भीती ओसरली. मात्र या औषधाचेही दिवस मोजकेच होते. 1972 साली केरळातील कोळिकोड येथे क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणारा जंतू आढळला. 1990 च्या सुमारास अँपिसिलिन आणि कोट्रायमॉक्साझोल हीदेखील देशाच्या अनेक भागांत निष्प्रभ झाली. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आले, त्यामागून सेफ्ट्रायाक्झोन आणि अझिथ्रोमायसिन. बालरोगतज्ज्ञांच्या एकाच पिढीने औषधांची ही रांग पुढे सरकताना पाहिली आहे.

हे कसे घडले, याचा लेखी पुरावा आज उपलब्ध आहे आणि तो जंतूने स्वतःच जपून ठेवला आहे. 2001 साली साल्मोनेला टायफी या जीवाणूचा संपूर्ण जनुकसंच प्रथम वाचला गेला. हा जंतू व्हिएतनाममधील एका लहान मुलीच्या रक्तातून मिळवलेला होता. सुमारे 48 लाख अक्षरांची ही संहिता! तिच्यासोबत अनेक औषधांना निकामी करणारी जनुके वाहून नेणारे एक प्लास्मिडही सापडले. त्या काळी असे वाचन हे मोठ्या चमूचे दीर्घ काम होते. आता सुसज्ज प्रयोगशाळेत ते काही दिवसांत होते. त्यामुळे हजारो रुग्णांकडील जंतूंच्या संहिता शेजारी शेजारी ठेवून त्यांची वंशावळ मांडता येते.

या वाचनातून दिसते की जीवाणू प्रतिकारशक्ती दोन मार्गांनी मिळवतो. पहिला मार्ग अक्षरबदलाचा. 'जायर-ए' या जनुकातील एक अक्षर बदलले, तरी सिप्रोफ्लॉक्सासिनचा प्रभाव घटतो. असे दोन-तीन बदल साचले की औषध जवळजवळ निरुपयोगी होते. दुसरा मार्ग उसनवारीचा. आतड्यातील अन्य जीवाणूंकडून प्लास्मिड आले, की तयार जनुकांचा अख्खा संच एका दमात हाती लागतो. कोणताही बदल औषधाला पाहून घडत नाही. तो योगायोगाने घडतो. परंतु औषधाच्या माऱ्यात इतर जंतू मरतात आणि बदललेला तेवढा उरतो. डार्विनने सांगितलेली निवड आपल्या रुग्णांच्या शरीरांत रोज चालू असते.

2015 साली 63 देशांतील 1,832 जंतूंच्या संहिता तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांपैकी जवळजवळ निम्मे 'एच-58' या एकाच घराण्यातले निघाले. हे घराणे दक्षिण आशियात उदयास येऊन आफ्रिकेपर्यंत पसरले होते. 2016 च्या अखेरीस पाकिस्तानच्या सिंध प्रांतातील हैदराबाद शहरात याच घराण्यातील जंतूने एक नवे प्लास्मिड मिळवले आणि सेफ्ट्रायाक्झोनसह पाच प्रकारच्या औषधांना दाद देणे सोडले. तोंडाने घेण्याच्या औषधांपैकी भरवशाचे केवळ अझिथ्रोमायसिन उरले.

हे संकट सीमेपलीकडचे म्हणून निश्चिंत राहता येणार नाही. सेफ्ट्रायाक्झोनला दाद न देणारा विषमज्वराचा जंतू मुंबईत टिकून असल्याचे 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने दाखवले. हे काम बंगळुरूच्या केंपेगौडा वैद्यकीय संस्थेतील संशोधक व त्यांच्या सहकाऱ्यांचे. मुंबईच्या जंतूतील प्लास्मिड सिंधमधल्याहून वेगळे होते. म्हणजे तिथला जंतू इथे आला असे झालेले नाही; त्याच दिशेची वाट इथल्या जंतूने स्वतंत्रपणे शोधली. जिथे तेच औषध सढळ हाताने वापरले जाईल, तिथे ही वाट पुन्हा सापडणार.

या वंशावळीत दिलासा देणारे पानही आहे. भारतात क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि कोट्रायमॉक्साझोल या तिन्हींना एकदम निकामी करणाऱ्या जंतूंचे प्रमाण 2000 नंतर घटत गेले. ज्या काळात ही औषधे आपण बाजूला ठेवली, त्याच काळात हे घडले. औषधांचा दाब कमी झाला की जंतूंमधील समतोल बदलू शकतो, असा याचा अर्थ घेता येतो. आपण लिहिलेल्या चिठ्ठ्या औषधांच्या दुकानात संपत नाहीत. त्यांची नोंद जंतूच्या जनुकसंचात होत असते.

म्हणून पहिले कर्तव्य आपणा डॉक्टरांचे. विषमज्वराची शंका येताच प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वी ब्लड कल्चर पाठवावे. एकट्या विडाल चाचणीवर विसंबून जंतूची ओळखही पटत नाही आणि त्याची औषधसंवेदनाही कळत नाही. पालकांनीही उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी जपून ठेवू नयेत.

दुसरे कर्तव्य समाजाचे. जंतूने कितीही अक्षरे बदलली तरी शुद्ध पाण्याला त्याच्यापाशी उत्तर नाही, आणि याचा दाखला आपल्याच शहरात आहे. हुबळी-धारवाडमध्ये काही वॉर्डांत चोवीस तास नळाचे पाणी सुरू झाल्यानंतर 2010-11 मध्ये संशोधकांनी लहान मुले असलेल्या सुमारे 3,900 कुटुंबांची पाहणी केली. खंडित पुरवठ्याच्या तुलनेत अखंड पुरवठा असलेल्या भागात विषमज्वर झालेली कुटुंबे 42 टक्क्यांनी कमी आढळली. नळ कोरडा पडला की गळक्या सांध्यांतून घाण आत शिरण्यास वाव मिळतो, हे ध्यानात घेतले तर केलगेरी असो वा हुबळी, पाणीपुरवठा हा आरोग्याचाच विषय ठरतो.

लसीचेही तेच. 2018 साली नवी मुंबई महापालिकेने 9 महिने ते 14 वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना विषमज्वराची काँज्युगेट लस दिली. सार्वजनिक यंत्रणेने हाती घेतलेली जगातील ही अशी पहिली मोहीम होती. जे मूल आजारी पडत नाही, त्याला प्रतिजैविक द्यावे लागत नाही; आणि जंतूलाही नवा धडा गिरवण्याची संधी मिळत नाही.

जंतूची संहिता वाचण्याची विद्या आपल्याला साधली आहे. तिच्यात पुढे काय लिहिले जावे, हे मात्र आपल्या लेखणीवर, आपल्या नळांवर आणि लसीकरणाच्या पत्रिकेवर ठरणार आहे.