जत्रेतील अनोळखी माणूस

दातृत्व म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे अशी मोठी कामे उभी राहतात. ती मोठी आहेतच. परंतु आज आम्हांस ज्या सौजन्याचा विचार करावयाचा आहे, ते याहून फार लहान आहे. जत्रेच्या गर्दीत परक्याच्या लेकराला पुढे उभे राहू देणे, तहानलेल्याला तांब्याभर पाणी देणे, चुकलेल्या म्हातारीला तिच्या माणसांपर्यंत पोचविणे, एवढेच. याची पावती कोणी फाडत नाही आणि देवळाच्या भिंतीवर त्याची पाटीही लागत नाही.

आम्हां बेंबळीकरांना जत्रा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. चैत्री पौर्णिमेस येरमाळ्याची येडेश्वरी आणि आश्विनात तुळजापूरची भवानी. कोजागरीच्या सुमारास सोलापूरकडून आणि कर्नाटकातून हजारो स्त्रीपुरुष पायी तुळजापुरास येतात. सोलापूर ते तुळजापूर हे अंतरच सुमारे ४५ किलोमीटर आहे. पुष्कळजण अनवाणी असतात व रात्रभर चालतात. वाटेवर ठिकठिकाणी लोक मंडप घालून चहा, केळी, पाणी देतात. कोणी फोड आलेल्या पायांना मलम लावतो. घेणाऱ्याचे नाव, गाव, जात कोणी विचारीत नाही. विचारायला सवडही नसते, कारण त्याच्यामागे दुसरा उभा असतो.

ही रीत आजची नव्हे. नाशिकच्या लेण्यांत सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा उषवदाताचा शिलालेख आहे. त्यात त्याने वाटसरूंसाठी केलेल्या कामांची यादी आहे. विश्रामस्थाने, नद्यांवर फुकट होड्या, आणि नद्यांच्या दोन्ही काठांवर प्रपा, म्हणजे पाणपोया. प्रवासी परका असतो, म्हणूनच त्याची सोय आधी पाहावयाची, हा विचार त्या लेखात स्पष्ट दिसतो.

आता करमणुकीच्या जागा बदलल्या. अमेरिकेत १९५५ साली डिस्नेलँड सुरू झाले. आपल्याकडे १९८९ मध्ये मुंबईजवळ गोराईस आणि २०१३ मध्ये खोपोलीजवळ तशी मोठी उद्याने निघाली. तेथे तिकिटाच्या पैशांत पाळणे मिळतात, स्वच्छता मिळते, रखवालदार मिळतो. शेजारच्या माणसाचे सौजन्य मात्र तिकिटात येत नाही. ते जत्रेतल्यासारखे तेथेही माणसालाच द्यावे लागते.

मग आपण ते देताना कचरतो का? पुष्कळांस वाटते, एवढ्याशाने समोरच्याचे काय होणार? या समजुतीची परीक्षा अमित कुमार आणि निकोलस एप्ली या दोघा संशोधकांनी घेतली. शिकागोतील एका बर्फावर घसरण्याच्या मैदानावर, थंडीच्या दिवसांत, त्यांनी ८४ जणांना गरम चॉकोलेटचा एकेक पेला दिला आणि तो हवा तर ठेवा, हवा तर अनोळखी माणसास द्या, असे सांगितले. ७५ जणांनी तो देऊन टाकला. देणाऱ्यांना वाटले होते त्याहून घेणाऱ्यांना त्याचे मोल पुष्कळच अधिक वाटले. देणारा पेल्याची किंमत धरतो. घेणाऱ्यापर्यंत मात्र आपुलकी पोचते. हे काम २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरा अडथळा घाईचा. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्याख्यान देण्यास निघालेल्या या विद्यार्थ्यांच्या वाटेत एक माणूस विव्हळत बसविलेला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांपैकी ६३ टक्के त्याच्याजवळ थांबले. ज्यांना उशीर झाला होता त्यांपैकी केवळ १० टक्के. यांतल्या काहींच्या व्याख्यानाचा विषय परोपकारी वाटसरूचीच कथा हा होता! तेव्हा व्याख्यात्यांनी, आणि आम्हीही, फार अभिमान धरू नये.

तिसरा अडथळा गर्दीचाच. भोवती शंभर माणसे असली की प्रत्येकास वाटते, दुसरा कोणी पाहील. जबाबदारी वाटली जाते आणि कोणाच्याच वाट्याला येत नाही. म्हणून गर्दीत मदत मागावयाची तर 'कोणीतरी या हो' असे ओरडू नये. 'अहो पिवळा फेटावाले दादा, या बाईंना जरा धरा' असे एकाला हेरून सांगावे. तो बहुधा येतो.

ही सारी वरवरच्या शिष्टाचाराची गोष्ट आहे असे कोणी समजू नये. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन सुमारे ३०० माणसे मृत्युमुखी पडली. अशा वेळी वाटा, पायऱ्या, बंदोबस्त यांची जबाबदारी व्यवस्थापनाची असते, आणि ती त्यांच्याकडून मागितलीच पाहिजे. परंतु मागून न रेटणे, पडलेल्यास उठविणे, लहान मूल खांद्यावर घेणे, हे प्रत्येकाच्या हाती आहे. गर्दीत दुसऱ्याला दिलेली वीतभर जागा हा कधी कधी त्याचा श्वास असतो.

तेव्हा येत्या जत्रेस निघताना आपल्या पिशवीत पाण्याची एक बाटली जास्त ठेवावी. मुलाच्या खिशात आपल्या नावाची चिठ्ठी ठेवावी, आणि रडणारे परके मूल दिसले तर त्याला तेथेच धरून उभे राहावे. आई त्याच जागी परत येण्याचा संभव अधिक असतो. जत्रेत आपणही हजारो लोकांना परकेच असतो. कोणीतरी आपल्यासाठी थांबेल या भरवशावरच आपण घराबाहेर पडतो. तो भरवसा दुसऱ्यास देणे, एवढेच आपले काम आहे.