विश्लेषण : वेल्डिंग इन्व्हर्टरमधील ‘आयजीबीटी’ वारंवार का उडतात?

रबाळे एमआयडीसीसारख्या औद्योगिक पट्ट्यात फॅब्रिकेशनची कामे करणाऱ्यांना वेल्डिंगचे जड ट्रान्सफॉर्मर आठवत असतील. आता त्याच कामाचे इन्व्हर्टर यंत्र खांद्याला अडकवून नेता येते. पण ते बंद पडले की अनेकदा आतला ‘आयजीबीटी’ ट्रान्झिस्टर उडालेला असतो. नवा बसवला तरी पहिल्याच ठिणगीला तोही जातो. यंत्र अडले की त्या दिवसाची मजुरीही अडते. अशा वेळी दोष ट्रान्झिस्टरपेक्षा त्याला चालवणाऱ्या ‘गेट ड्रायव्हर’मध्ये शोधावा लागतो.

यंत्र हलके कसे झाले?

२३० व्होल्टचा एसी पुरवठा आधी सुमारे ३२५ व्होल्ट डीसी केला जातो. ट्रान्झिस्टरचा ब्रिज तो सेकंदाला वीस हजार किंवा अधिक वेळा उलटसुलट करतो. वारंवारता ५० हर्ट्झवरून एवढी वाढली की ट्रान्सफॉर्मरचा गाभा मुठीएवढा पुरतो. मूळचे चेन्नईचे बी. जयंत बालिगा यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये विकसित केलेल्या आयजीबीटीमुळे हे परवडू लागले. त्यासाठी त्यांना २०२४चा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला.

ड्रायव्हर नेमके काय करतो?

आयजीबीटीचे गेट म्हणजे एक छोटा कपॅसिटरच. तो क्षणार्धात १५ व्होल्टपर्यंत भरायला काही अँपिअर लागतात. नियंत्रक चिप देते जेमतेम काही मिलिअँपिअर. भरणे रेंगाळले तर ट्रान्झिस्टर अर्धवट चालू राहतो आणि तापतो. शिवाय वरच्या ट्रान्झिस्टरचा एमिटर शून्य ते ३२५ व्होल्टमध्ये हेलकावे खातो. म्हणून त्याच्या ड्रायव्हरला स्वतंत्र, विलग पुरवठा हवा. काटकसर नेमकी इथेच होते.

‘डेड टाइम’ कशासाठी?

एका बाजूचे वरचे आणि खालचे ट्रान्झिस्टर एकत्र चालू झाले तर थेट शॉर्ट. आयजीबीटी बंद व्हायला रेंगाळतो, म्हणून दोघांच्या पाळीत मायक्रोसेकंदभर मोकळा वेळ ठेवतात. तेवढेही पुरत नाही. समोरचा ट्रान्झिस्टर चालू होताना व्होल्टेज झपकन चढते आणि बंद असलेल्याच्या गेटलाही ढकलते. ते रोखायला बंद अवस्थेत गेटवर उणे ५ ते ८ व्होल्ट देतात. रॉड चिकटला तर प्रवाह नियंत्रकाने आवरायचा असतो; ब्रिजमध्येच शॉर्ट झाला तर चांगला ड्रायव्हर काही मायक्रोसेकंदांत गेट बंद करतो.

दुरुस्तीत काय पाहावे?

मुख्य डीसी न जोडता चारही गेटच्या लहरी ऑसिलोस्कोपवर तपासाव्यात. पहिल्यांदा पुरवठा देताना मालिकेत शंभर वॅटचा बल्ब ठेवावा. शॉर्ट असेल तर तो प्रखर पेटतो, ट्रान्झिस्टर वाचतो. प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर काही काळ भरलेले राहतात. मीटरवर व्होल्टेज उतरल्याचे पाहिल्याशिवाय आत हात घालू नये.